आईच्या खोलीतला दोरीचा स्विच

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने आईचं कपाट उलटं उतरवलं. आईने कपाटालाही सरळ केलं आणि टेम्पोवाल्यालाही. घर लहान, पण स्वच्छ आणि भरपूर उजेडाचं. पुढची खोली माझी, मधे स्वयंपाकाचा ओटा, आतली खोली आईची. चष्म्याचं दुकान चालत जाण्यासारखं आहे, उद्यापासून कामावर.

आतल्या खोलीत एक गंमत आहे. दिव्याचा स्विच भिंतीवर नाही, छताला आहे, आणि त्याची दोरी थेट पलंगावर लोंबते. पडल्या पडल्या ओढायची. घरमालक काका समोरच राहतात. ते म्हणाले, आधीच्या भाडेकरूने बायकोला उठायला लागू नये म्हणून स्वतःच्या हाताने बसवला होता. पलंगही त्याचाच, जमिनीला स्क्रूने पक्का केलेला, म्हणून इथेच राहिला. आई लगेच आडवी झाली, दोन-तीनदा दोरी ओढून बघितली आणि म्हणाली, राणीचा थाट आहे, आता दासी तेवढी हवी. मग माझ्याकडे बघितलं.

स्विच मात्र सैल आहे. दोरी ओढली की छतापासून सुटून खाली येतो, सोडली की वर जातो, हलणाऱ्या दातासारखा. मी वायरमनची मुलगी. मला हे बघवत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

दुकानातून जरा लवकर निघाले. मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढले. दोन्ही स्क्रू जागच्या जागी नुसते फिरत होते; आतलं लाकूड पार भुसभुशीत झालंय. बाबांच्या पेटीतून जाड, लांब स्क्रू काढले. पहिला बरा बसला. दुसरा अर्ध्यावर आल्यावर हलका झाला. मी जोर लावतच नव्हते. स्क्रूड्रायव्हर खाचेतून सटकला, तरी तो सावकाश फिरत राहिला आणि प्लेटला टेकल्यावरच थांबला. वरून कुणी तरी ओढून घ्यावा तसा.

हाताला रग लागली होती, तसं वाटलं असेल. आईने दोरी ओढून बघितली. स्विच जरासुद्धा हलला नाही. बापाचा हात आहे तुझा, म्हणाली. दिवसभराचा शीण गेला माझा.

९ नोव्हेंबर, शनिवार

आईच्या खोलीची खिडकी उघडेना. आलो त्या दिवशी ती वाऱ्याने खडखडत होती. आज नीट बघितलं तर चौकटीला स्क्रू मारून पक्की केलेली. कपाटाचं कुरकुरणारं दारही गप्प झालंय. काकांना विचारलं, सुतार पाठवला होता का. ते नाही म्हणाले आणि माझ्याकडे न बघता झाडांना पाणी घालत राहिले. आईला विचारलं तर तिला वाटलेलं मीच केलं. बरं झालं, म्हणाली, वारा बोचत होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आई उठत नाही. जिथे जाईल तिथे भाजीवाल्याशी घासाघीस करून यायची, ती बाई दिवसभर पलंगावर पडून आहे. दुखत काही नाही, अंग गरम नाही. म्हणते, उठून करू काय, सगळं हाताशी येतं. पाण्याचा पेला, चष्मा, शाल.

पण मी तर दिवसभर दुकानात असते. कोण देतं, विचारलं. हसली, म्हणाली, तूच की. मग विचारलं, तुझे हात एवढे गार का असतात गं?

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज काकांना फाटकातच गाठलं. हलूच दिलं नाही. आधी हे ते केलं, मग बोलले. आधीच्या भाडेकरूच्या बायकोला आजार असा काही नव्हताच. साधा ताप आलेला, तो उतरलाही. पण नवऱ्याने तिला उठू दिलं नाही. वारा लागेल म्हणून खिडकी बंद केली, चालत बाहेर जाईल म्हणून दार. जीव लावायचा फार. एक दिवस तोच पुढच्या खोलीत बसल्या जागी गेला. ती आत.

मी विचारलं, तिने हाका नाही मारल्या? तुम्ही तर समोरच राहता.

काका म्हणाले, "मारल्या असतील गं. पण त्याने सगळं इतकं घट्ट करून ठेवलं होतं, बाहेर काही येतच नव्हतं."

दादाला फोन केला. उद्या येतोय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दादा गाडी घेऊन आला. आई निघेना. दोरी मुठीत धरून बसली, मी इथे सुखात आहे म्हणाली. दादाने तिची मूठ सोडवली आणि तिला सरळ उचललं. खोलीचा उंबरा ओलांडला मात्र, आई त्याच्या पाठीवर चापट मारून म्हणाली, खाली ठेव, मी काय कुकुलं बाळ आहे? आणि आपल्या पायांनी गाडीत जाऊन बसली. मला रडूच फुटलं.

दादा तिला त्याच्या घरी सोडून संध्याकाळी टेम्पो घेऊन येईल. तोवर सामान बांधायचं.

आणि तो स्विच काढायचा. काका हे घर पुन्हा कुणाला तरी देणारच. त्या पलंगावर कुणाची तरी आई झोपेल. तसं सोडून जाववत नाही. मेन स्विच बंद करते, खोलीचं दार सताड उघडून त्याला बाबांची जड पेटी टेकवते. ऊन आहे. कितीसं काम ते.

दुपारनंतर

पडले. स्क्रू निम्मा निघाला होता, मग उलटा फिरायला लागला. मी सोडला नाही. त्यानेही नाही. मग पायाखाली स्टूलच नव्हतं.

मांडीचं हाड असावं. पाय हलत नाही.

पलंगावर कशी आले, आठवत नाही. चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचली आहे, घट्ट. उजवा हात तेवढा मोकळा. उशाशी ही वही आणि पेन. ती मी पुढच्या खोलीत ठेवली होती. फोनही तिथेच होता. फोन नाही आणला त्याने.

स्विच परत छताला. दार बंद. पेटी आत, भिंतीशी, नीट लावून —

संध्याकाळ

दादा आलाय. मला हाका मारतोय. माझा फोन वाजतोय बाहेर. मी ओरडते आहे, घसा फाटेस्तोवर —

दार ढकलतोय. काकाही आलेत.

तोडतायत. कुऱ्हाड असावी. प्रत्येक घावाला चौकटीतले स्क्रू आणखी आत जातायत. मला दिसतंय. कुणी हात लावत नाही, तरी —

नंतर

घाव बारीक झाले. लांबून आल्यासारखे. दादा थांबलेला नाही. दादा थांबणार नाही. मलाच ऐकू येईनासं —

खोलीत गरम होतंय. चादर आणखी एकदा खोचली.

दोरी खाली आली आहे. माझ्या हाताच्या बेताने. मी ओढणार नाही. ओढली तर मी त्याची —

उशी सरळ केली कुणी तरी. कपाळावरचे केस मागे सारले.

पेन सोडवतोय. ओढून नाही. एकेक बोट, हळूच, दुखू नये अशा बेताने — अंधारात डोळ्यांना ताण नको म्हणून — नको, राहू दे, मी अजून लिहि