घंटा कुणी वर टांगली?

सोलापूर,
२ डिसेंबर १९७४

ती. सौ. बजावहिनीस मथुरेचा शि. सा. न. वि. वि.

एस.टी.ने आलेली पिशवी मिळाली. जोंधळे चार किलो, शेंगा दोन किलो, टॉनिकची बाटली एक, किंमत अकरा रुपये चाळीस पैसे. हमालीचे आठ आणे माझे गेले. दादाने चिठीत लिहिलंय, एक बाटली आईला, एक मला. मला कशाला? हात आईचा मोडलाय. साखरेचं लाल पाणी अकरा रुपयांना विकणारा हुशार आणि घेणारा आमचा दादा! बाटली परत पाठवते आहे.

आईला बाजेवर बसवून तुम्ही पाय चेपता म्हणे. ही सेवा नव्हे, हाडं कुजवायची तऱ्हा. प्लास्टर हाताला आहे, पायांना नाही. कोवळ्या उन्हात तिला मळ्यापर्यंत चालवा. नाचणीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला आणि दोन वेळा दूध द्या. चहाला रंग येण्यापुरतं नव्हे, पेलाभर.

इकडेही सगळे शहाणेच. मारुतीच्या देवळात गुरवाने घंटा वर टांगली आहे. साखळीच्या कड्या मोडीत घातल्या असणार. मला टाचा उचलाव्या लागतात.

माया पातळ होऊ देऊ नये.

मथुरा

माढा,
९ डिसेंबर

सौ. मथुरावन्संना बजाचा नमस्कार.

तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. लई हसल्या. त्या रोज मळ्यापर्यंत जाऊन येतात, दूधबी पितात. पाय चेपते ते चालून आल्यावर.

आमाला शिकवता, आणि तुमी? ह्यांचा टायफॉइड उतरावा म्हणून नवस बोललात आणि नऊ वर्षं दूधदही तोंडाला लावलं न्हाय. हे उठून कामाला लागले, तरी तुमचं चालूच. देवानं मागितलं व्हतं का, की तेवढाच रतीब वाचला?

दिवाळीत डॉक्टर आत्याबाईंना बघायला आले, तवा तुमी हंडा उचलत होता. तुमची पाठ बघून ते ह्यांना म्हणाले, आईपेक्षा हिचीच हाडं पोकळ दिसत्यात, सावरलं न्हाय तर मणका पिचंल. म्हणून बाटली. तुमाला सांगायची ह्यांची छाती झाली न्हाय.

आणि घंटा! गेल्या महिन्यात तुमच्याकडं आले तवा तीच मी टाच न उचलता वाजवली. मी तर पहिल्यापासून तुमच्याहून ठेंगणी. घंटा वर गेली न्हाय वन्सं, तुमी खाली आलाय.

रुसा, पण परत वाचा.

बजा

सोलापूर,
१४ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघता तुम्हाला नाचणीपेक्षा कित्त्याची गरज आहे. रतीबाचा टोमणा लक्षात ठेवला आहे.

काल गुरवाला विचारलं. साखळी वीस वर्षं तीच आहे म्हणाला, आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घंटेखाली पाट सरकवला. त्या मेल्याने पाट सरकवायला नको होता.

आता हंडा अर्धाच भरते, गुडघ्यांत वाकून उचलते. नाचणी दळून आणली. उन्हात देवळाला अकरा प्रदक्षिणा भराभर घालते. दूध मात्र राहिलं. जन्मभर सोडलं असं मी बोलले होते, साक्षीला आई होती. तिने मोकळं केलं तरच ओठाला लावीन, तुमच्या डॉक्टरच्या सांगण्याने नव्हे.

तेव्हा आईला विचारा. हो म्हणाली तर चांगल्या हाताचा अंगठा कार्डावर घ्या आणि ते पेटीत टाकायला तिलाच चालत पाठवा. गवळ्याला मी पुढच्या शनिवारपर्यंत थांब म्हटलंय. उलट टपाली कळवा.

मथुरा