सोल्याच्या रंगाचं दार

आई,

गाडीचं डावीकडचं दार रंगवून आणलं आणि ते बाकीच्या गाडीशी जुळत नाही. हे ऐकल्यावर तू पहिलं काय विचारशील ते मला ठाऊक आहे. "घेताना उन्हात पाह्यलं होतं का?" नव्हतं पाहिलं. संध्याकाळ झाली होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या पेंटरच्या शेडमध्ये ट्यूबलाइट लागले होते, दार चकचकीत दिसत होतं, पोचा नेमका कुठे होता ते हात फिरवूनही समजत नव्हतं. मी खूश होऊन गाडी घरी आणली. सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेले आणि पाहते तर काय, कुणीतरी रातोरात दुसऱ्याच गाडीचं दार आपल्या गाडीला बसवून गेल्यासारखं दिसत होतं. दार कोवळं हिरवं, आणि बाकी गाडी पिवळट, राखट, काही म्हणता येणार नाही अशी. दूधवाला म्हणाला, "काहून जी, पुरी नाई रंगवली?" मी पातेलं घेऊन आत आले.

झालं होतं असं की कळंबला आमच्या ऑफिससमोर कापसाची ट्रॉली मागे घेताना एका ट्रॅक्टरवाल्याचा अंदाज चुकला. ट्रॉलीचा कोपरा सरळ दारात शिरला. बिचारा आत येऊन माझ्या टेबलापुढे उभा राहिला, गळ्यातला दुपट्टा हातात धरून. "बाई, आरशात दिसलीच नाई जी तुमची गाडी." त्याच्यावर ओरडावं असं ऑफिसातल्या सगळ्यांना वाटत होतं, मला मात्र वाटलं नाही. मी बाहेर गेले आणि त्या आत गेलेल्या पत्र्याकडे पाहत राहिले. उजवीकडून ठोकली असती तर मला इतकं लागलं नसतं, हे मी तिथे कुणाला कसं सांगणार होते? डावं दार तुझं. त्या दारातून तू चढायचीस. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "मॅडम, आता काढून टाका हे खटारं." आमच्या घरीही हे गेली कितीतरी वर्षं हेच म्हणतायत. मी आपली ऐकून घेते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खटाऱ्यात बसून कळंबला जाते.

उन्हाचं तुझं वेड मला लहानपणी नको नको व्हायचं. दिग्रसच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला निघालो की मी मुद्दाम चार पावलं मागे राहायची. दुकानदार पेटीतून कापडं काढून ढीग घालायचा, तू दोन-तीन बाजूला काढायचीस आणि साडीसकट उठून तरातरा रस्त्यावर. तिथे रिक्षा, सायकली, एसटीकडे पळणारी माणसं, आणि मधोमध तू, पदर डोक्यावर घेऊन, कापड साडीवर धरून, मान इकडे तिकडे वाकवत उभी. शाळेतली कुणी मैत्रीण दिसू नये म्हणून मी पायरीवरच थांबायची. दुकानदार एकदा म्हणालाच, "बाई, उद्यापासून दुकानच रस्त्यावर मांडतो, तुम्हाले सोपं जाईन." तू जराही लाजली नाहीस. "मांडा," म्हणालीस, "गिऱ्हाइकं बी जास्त येतीन मंग." आणि इतकं करून तुझं दर वेळी बरोबरच यायचं असंही नाही. तुझी ती जांभळी साडी आणि तिच्यावरचा तो वांगी रंगाचा ब्लाउज, दोन्हीचं कधी पटलं नाही. पण तू उन्हात पाहून घेतला होतास, म्हणून त्यावर घरात कुणी बोलायचं नाही.

आणि एकदा तू मला एकटीला पाठवलंस. तू शिकवायचीस त्या शाळेतून तुला सुट्टी नव्हती, दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं, नव्या साडीवर पीस हवा होता आणि शिंपीणकाकू रात्रीतून शिवून देते म्हणाली होती. मी दुकानात गेले, ट्यूबलाइटखाली साडीशी लावून पाहिला, छान जुळला, घेऊन आले. तू तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरलास. "ट्यूबलाइटात घेतला ना? मले कपड्याकडे पाहूनच समजलं. किती डाव सांगतलं तुले, दुकानाचा उजेड दुकानदाराचा असते." मी रडायला लागले. तू पीस बदलून आणायला मला परत पाठवशील असं वाटलं, पण तू तसाच शिवायला दिलास. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात तो विजोड ब्लाउज घालून तू पहिल्या रांगेत उभी राहिलीस, आणि जोशात राष्ट्रगीत म्हटलंस. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "माह्या पोरीनं आणला." माझ्याशी मात्र संध्याकाळपर्यंत तुटकच बोलत होतीस. तू तशीच होतीस. माझी बाजू चार लोकांत घ्यायचीस आणि घरी येऊन हिशोब चुकता करायचीस.

गाडी घेतली तेव्हा मी तुला मुद्दाम सोबत नेलं. शोरूममधला मुलगा टाय लावून रंगांचं कार्ड दाखवत होता, आणि तू कार्डाकडे न पाहता बाहेर पाहत होतीस. मला कळलंच. "गाडी उन्हात काढा," म्हणालीस. त्याला वाटलं तुला चक्कर मारायची आहे. बाहेर काढल्यावर तू तिच्याभोवती हळूहळू फिरलीस, बोनेटवर पदराचं टोक ठेवून पाहिलंस. त्यानं रंगाचं भलंमोठं इंग्रजी नाव सांगितलं. "हे काय नाव झालं? हा तं सोल्याचा रंग हाय," तू म्हणालीस. त्या पोराला काही समजेना, तो पुण्याकडचा असावा. तेव्हा तू भर शोरूममध्ये त्याला सांगत बसलीस, की तुरीची ओली शेंग सोलली की आत जो दाणा निघतो तो सोला, आणि सगळे सोले एका रंगाचे नसतात, अगदी कोवळा पांढुरका, जून झाला की पिवळा पडतो, आणि मधला जो भरलेला पण नरम असतो, भाजीत घातला की गोड लागतो, त्याचा रंग हा. मी तिथेच ठरवलं, हीच घ्यायची. तुझ्या पायाशी सुपात शेंगा, तू बोलता बोलता अंगठ्यानं शेंग फोडतेस, दाणे ताटलीत टपटप पडतायत आणि तू मला म्हणतेस, "खाऊ नको कच्चे, भाजीले पुरतीन नाई." मी खातेच. गाडीच्या त्या रंगात मला हे सगळं दिसायचं. अजून दिसतं असं मी धरून चालले होते.

त्या सीटवर तू फार बसली नाहीस. उणेपुरे दोन उन्हाळे. त्यातलं बरंचसं नागपूरच्या दवाखान्यात जाण्यायेण्यात गेलं. पण त्याआधी आपण कळंबच्या गणपतीला गेलो, दिग्रसला तुझ्या जुन्या शेजारणींकडे गेलो, आणि तू प्रत्येक वेळी दार दोनदा लावलंस. पहिल्यांदा इतकं हळू की ते लागायचंच नाही, मग इतकं जोरात की मी दचकायची. "तुमची गाडी ऐकत नाई," असं वर मलाच. मग पिशवी मांडीवर, कोपर खिडकीत, आणि माझ्या प्रत्येक गिअरला तुझा पाय खाली काहीतरी दाबायचा. आज ती सीट रिकामी असली की मी तिथे पर्स ठेवते, डबा ठेवते. ती अगदी रिकामी राहिलेली मला बघवत नाही. तुझी आठवण येते हे सांगायला मला इतका मोठा वळसा घालावा लागतो, आई. येते. कळंबच्या रस्त्यावर तर रोज येते.

तर मी दुसऱ्या दिवशी तणतणत लोहाऱ्याला गेले. पेंटरला उन्हात बाहेर बोलावलं आणि गाडीभोवती फिरवलं, अगदी तुझ्यासारखं. म्हटलं, "भाऊ, हे काय केलं?" तो गाडीकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो. "ताई, तुम्हीच तं म्हटलं होतं का जुनाच रंग मारजा." म्हटलं होतं मी. गाडी टाकताना त्याला दोन-तीनदा बजावलं होतं, दुसरा रंग लागू देऊ नका, जुनाच पाहिजे, एकदम जुना. "मंग मी म्हटलं, ताईले कंपनीवाला पायजे, पहिलेचा. कंपनीच्या नंबरचा माल आणला. नाई तं मी आजच्या गाडीकडे पाहूनच रंग मिळवला असता, तसाच मिळवा लागते. पण तुम्ही जुना जुना करून राह्यल्या." मी म्हटलं, "जुना म्हणजे गाडीचा जो आहे तो." तो म्हणाला, "तो जुना कसा जी? तो तं आताचा हाय."

मला पटेना. हा रंग पहिल्या दिवशीचा असेल हेच मला मान्य नव्हतं, कारण माझ्या डोळ्यांसमोर तर गाडी कालपर्यंत सोल्याच्या रंगाचीच होती. मग त्यानं मागचं दार उघडलं, चौकटीवरचं काळं रबर बोटानं ओढून बाजूला केलं आणि म्हणाला, "इथं ऊन लागलं नाई, पाहा." रबराखाली बोटभर पट्टी होती. तुझ्या दाराच्या रंगाची, तंतोतंत. म्हणजे दार बरोबर होतं आणि सगळी गाडी चुकलेली होती. रोज अंगणात उभी राहून, रोज माझ्यादेखत, ती उन्हानं उडत गेली आणि मला कधी दिसलंच नाही. गाडीचं ठीक आहे. पण मग मला भीती वाटली. तुझा आवाज मला आठवतो असं मी म्हणते, तुझा चेहरा, तुझं बोलणं, तेही असंच रोज थोडं उडत असेल आणि मी त्यालाच तू समजत असेन, तर मला कोण सांगणार? तुला झाकून ठेवायला माझ्याकडे असं कुठलं रबर नाही. पेंटर बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी दारासाठी रडतेय. "रडू नका ताई, फिरून मारून देतो, माह्याकडून. फक्त नीट सांगा, पहिलेचा ठेवू का आताचा मारू?"

आताचा मारा, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते? पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, आणि हे म्हणतात, "दोन रंगांच्या गाडीतून मी वरातीत येणार नाही." त्यांचं चूक नाही. दुरून ती खरंच विचित्र दिसते. एकदा रंग चढला की दार गाडीत मिसळून जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि तू पाहिलेला तो रंग त्याच्याखाली जाईल. मी गाडी नेऊन टाकायची तेवढी बाकी आहे.

घरी मी सांगितलंय की पेंटर गावाला गेलाय, त्याच्या साळ्याचं लग्न आहे, आला की लगेच करून देतो म्हणाला. ह्यांनी परवा पुन्हा विचारलं, तेव्हा मी त्याला तापही आणला. पेंटर कुठेही गेलेला नाही, आई. तो रोज शेडमध्येच असतो आणि मला फोन करतो, मी उचलत नाही.