दातांचा ताळा

सोमवार, ३
आले एकदाची. खोली टीचभर, पण ऊन भरपूर, आणि प्रयोगशाळा पाच मिनिटांवर. साहेबांनी पहिल्याच दिवशी एका प्राचीन मडक्याची अकरा खापरं समोर मांडली. म्हणाले, हे कुठे घडलं ते पंधरा तारखेच्या आत सांगा, नोकरी पक्की. म्हणजे चिमीला इथे आणता येईल. सहा वर्षांची लेक आजीकडे किती दिवस ठेवायची? अकराही खापरांची वजनं नोंदवून घरी आले.

बुधवार, ५
खापराची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मातीत वाळूऐवजी माणसाच्या हाडांचा चुरा मळलाय. मी जाम खूश. माणूस जिथलं पाणी पितो, तिथली खूण त्याच्या हाडांत नि दातांत उरते. हाड कुठलं ते कळलं की मडक्याचाही पत्ता लागेल. ती खूण मोजणारं यंत्र बरोबर चालतंय का याचा ताळा बघायला इथे कर्मचाऱ्यांचेच काढलेले दात विरघळवून वापरतात. चकत्या कापणाऱ्या काकांनी आपली दाढ दिली. म्हणाले, तोंडात होती तोवर नुसता छळ केला तिनं, आता तरी कामाला येऊ दे.

शुक्रवार, ७
डोकं फिरलंय. खापर आणि काकांची दाढ, आकडे शेवटच्या दशांशापर्यंत एकच. हजारो वर्षांचं मडकं आणि काका सख्खे शेजारी की काय! यंत्र तीनदा धुतलं. पुन्हा तेच. साहेब म्हणाले, साधं धुताही येत नाही का तुम्हाला? असा संताप आला. मग त्यांनी स्वतःचा दात दिला, मी दुसरं खापर लावलं. ते साहेबांशी जुळलं. हात टेकले.

सोमवार, १०
काका आले नाहीत. खुर्चीतून उठताना मांडीचं हाड मोडलं. त्यांच्या बायकोनं सांगितलं, डॉक्टर म्हणतात हाडात काही उरलेलंच नाही. फार वाईट वाटलं. पण माझ्याकडे पाचच दिवस आहेत. चिडून पर्समधली डबी काढली. चिमीचा पहिला दुधाचा दात. तो इथल्या कशाला लागलेला नाही, सरमिसळ होईलच कशी? तिसरं खापर लावलं. जुळलं. वैतागून रडले.

मंगळवार, ११
साहेब जिन्यात पडले. दोन्ही पाय —

खापरांचं वजन केलं. आठ होती तशीच आहेत. तीन जड झालीत. तपासलेली तीनच.

यंत्र बरोबर होतं. मीच एकेकाचा दात दाखवत गेले आणि मडकं त्याची हाडं —

दुपार
तिसरं अजून जड होतंय. दात विरघळलाय, परत कुठून आणू. खापर फोडायला हातोडी उचलली, पण त्यात आता तिचंच — नाही फोडवत.

आईला फोन लावला. चिमीला झोपवून ठेव, पाऊल टेकू देऊ नको म्हटलं. आई म्हणाली, वेड लागलंय का, चांगली उड्या मारतेय. आणि तिला हाक मारली. मी ओरडत होते, धावू नको, धावू नको. ती धावत आली. पावलं ऐकू येत होती. मग