तारीख बदलता येणारं तिकीट

९ जानेवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

मावशींकडची हवा तुम्हाला मानवली, हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्रच लिहिते. मागच्या वेळी मी गॅस संपला म्हणाले आणि तुम्ही मावशींना सांगितलंत, की मला ताप आलाय.

बातमी अशी, की परदेशातल्या त्या योगकेंद्रात मला जागा मिळाली. पाच आठवडे, दहा फेब्रुवारीपासून. कमरेच्या दुखण्यासाठी वेगळा वर्ग आहे आणि एकट्या आलेल्या बायकांना स्वतंत्र खोली देतात. तुमच्या चिरंजिवांना सांगितलं, तर ते म्हणाले, जा. एवढंच. मग पाना घेऊन नळ दुरुस्त करायला बसले. तो नळ गळत नव्हता.

आई, खरं सांगू? फॉर्म भरला तेव्हा मजा वाटली होती. आता भीती वाटते. परदेश राहू दे, मी एकटी कधी शेजारच्या गावीही मुक्कामाला गेलेले नाही. शिवाय तुमचं खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्षच झालंय. तुम्ही दुसऱ्याच्या घरी काठी धरून चालायची आणि मी परक्या देशात पाय वर करून पडायचं, हे काही मनाला पटत नाही. नाही कळवू का? तुम्ही सांगाल तसं.

इस्पितळात आमच्या एक्स-रे विभागात सगळ्यांना सांगून बसलेय, ती फजिती वेगळीच.

मावशींना नमस्कार. माझ्यावर रागावायचं असेल तर सविस्तर रागवा, म्हणजे पत्र मोठं येईल.

तुमची,
सूनबाई


१५ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. आ.

रागावले आहे. तुला नाही म्हणायची परवानगी नाही. विषय संपला.

आता कामाचं. तीस वर्षं मी स्टेशनच्या सामानघरात बसले. कोण सुखाने जाऊन सुखाने येणार, हे मी बॅग बघून सांगायची. तेव्हा नीट वाच.

बॅग एकच घे, आणि भरून झाली की ती उचलून आपला जिना चढ. दुसऱ्या मजल्यापर्यंत कंबर बोलली नाही, तर ठीक. बोलली, तर अर्धं सामान काढ. लोक बॅग भरताना ती उचलणारा कोणीतरी भेटेल असं धरून चालतात. तू तसं धरू नकोस. सुटसुटीत चार जोड पुरेत, रोज एक धुवायचा. कुडकुडत आसनं होत नाहीत, म्हणून एक शाल घे. सतरंजी किंवा मॅट तिथे मिळते का ते आधीच विचार, उगाच गुंडाळी बगलेत घेऊन हिंडू नकोस.

औषधं हातातल्या पिशवीत, त्यांच्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठी बॅग चुकली तर चुकू दे, गोळ्या चुकता कामा नयेत. पासपोर्टच्या आणि विम्याच्या कागदाच्या तीन प्रती काढ: एक बॅगेत, एक अंगावर, एक माझ्या चिरंजिवाकडे, गप्पूकडे. केंद्राचा पत्ता त्या देशाच्या लिपीत एका कागदावर लिहून घे. घाबरल्यावर माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, परक्या गावाचं कुठलं सांगणार! आणि उजेडी पोचेल असंच विमान घे.

तिथल्या बाईंना आत्ताच पत्र टाक, की कंबर कशाने गेली आणि काय केलं की दुखते. तिथे गेल्यावर सांगेन म्हणशील आणि चारचौघींत लाजशील. मी ओळखते तुला. दुखलं की थांबायचं. शेजारची डोक्यावर उभी राहिली, तरी आपण पाठीवर पडून राहायचं.

शेवटचं. तिकीट असं काढ, की ज्याची तारीख बदलता येते. लवकर यायला म्हणून नव्हे. दार उघडं आहे, हे माहीत असलं की माणूस खोलीत शांत बसतो.

माझी काळजी करू नकोस. मावशी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि सोळा वर्षांनी मोठी असल्यासारखी हुकूम सोडते.

जीव लावतेस, तो असाच लावून ठेव.

आई


४ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदा जिना चढले, तेव्हा पहिल्याच मजल्यावर कंबर बोलली. दोन पुस्तकं, इस्त्री आणि जादा चपला काढल्या. इस्त्री कशाला घेतली होती, विचारू नका. तिसऱ्या खेपेला वर पोचले तेव्हा तुमचे चिरंजीव दारात उभे होते. मी म्हटलं तरी बॅगेला हात लावायचा नाही, असं तुम्ही त्यांना फोन करून बजावलंत म्हणे. बिचारे हात मागे बांधून बघत होते.

तिथल्या बाईंना पत्र लिहिलं. कंबर कशाने गेली, या प्रश्नाशी तासभर थांबले. शेवटी लिहिलं, की घरात उचलाउचली झाली. आई, यात तुमचा काही दोष नाही, हे लक्षात ठेवा. बाईंचं उत्तर आलं, की पहिले दोन आठवडे फक्त झोपून करायचं शिकवतील.

आठ तारखेला निघते. केंद्रात फोन कपाटात ठेवावा लागतो, फक्त रविवारी मिळतो. पण आपल्या पत्रांचे फोटो काढून पाठवले, तर त्यांचं ऑफिस कागदावर छापून देतं. तेव्हा लिहीत राहा, अक्षर मोठं काढा.

तुम्ही स्नानघरात खुर्ची ठेवता ना? नुसतं हो लिहू नका, खरंच ठेवा.

तुमचा हात पाठीवर आहे असं समजून निघते.

सूनबाई


१८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. आ.

माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय, म्हणून मावशीला सांगून लिहवते आहे. (मी लिहिते आहे. ती सांगते आहे आणि मध्येमध्ये माझं शुद्धलेखन तपासते आहे, चष्म्याशिवाय. – मावशी)

तू सुखरूप पोचल्याचं गप्पूकडून कळलं. इथे सगळं छान. मी रोज अंगणात दहा फेऱ्या मारते. (बरं.) भूक चांगली आहे. मावशीच्या हातची चव आता सहन होऊ लागली. (हे मी नाइलाजाने लिहिते आहे.)

तू मन लावून शीक. इकडचा विचार करायचा नाही. तिकीट बघत बसायचं नाही.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारी,
आई
(सहीसुद्धा मीच केली. – मावशी)


२४ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी माझं सांगते, मग तुम्हाला विचारते.

खोली लहान आहे, एक पलंग, एक खिडकी, कपडे अडकवायला तीन खुंट्या. आम्ही अकराजणी आहोत. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, आवाज कधी चढत नाही. आल्या दिवशी टॅक्सीवाल्याने भलत्याच फाटकाशी सोडलं, तेव्हा तुमचा तो पत्त्याचा कागद एका फुलवालीला दाखवला. ती दुकान सोडून मला पोचवायला आली.

पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे, श्वास मोजायचा, एवढंच चाललंय. पण शवासन मला जमत नाही, आई. शेजारची खोकली, की मी ताडकन उठून बसते. तीनदा झालं तसं. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, की इथे तुला कोणी हाक मारणार नाही. मला एवढं रडू आलं, की त्यांनी सगळ्या वर्गाला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं.

आता तुमचं. चष्म्याविना वाचता येत नाही, कबूल. पण सही करायला चष्मा कशाला लागतो? तुम्ही सामानघराच्या पावत्यांवर न बघता सही करायचात, हे मला अभिमानाने सांगितलंत. माझ्या एक्स-रेच्या टेबलावर दिवसाला चाळीस माणसं काही नाही, जरा लागलंय, असं म्हणत झोपतात. मला तो सूर ओळखता येतो.

मावशी, हे तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाच विचारते. काय झालंय? खरं लिहिलं नाहीत, तर मी मिळेल त्या विमानाने येते.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सूनबाई


२७ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. आ.

तुझी सासू दुपारची झोपली आहे, तेवढ्यात मी मावशी लिहिते. तेरा तारखेला स्नानघरात पाय घसरून पडली. खुर्ची होती, पण तिला खुर्चीवर बसून आंघोळ करणं कमीपणाचं वाटतं. उजवं मनगट गेलं. खुबा शाबूत आहे, डॉक्टरांनी दोनदा बघितला. सहा आठवडे प्लास्टर. एक्स-रेच्या दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर धरून फोटो काढलेत, सोबत पाठवते. तुझी तूच बघ, माझं सांगणं तू मानायची नाहीस.

तुला कळवलं तर माझ्याशी बोलणार नाही, अशी शपथ घातली होती. तिला चार दिवस बोलल्याशिवाय राहता आलं, तर मलाही विश्रांती.

आणखी एक सांगते, जे ती कधी सांगणार नाही. ती हवापालटासाठी माझ्याकडे आलेली नाही. तू कामावर जायच्या आधी पाच मिनिटं कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून भिंतीला टेकून उभी राहायचीस, ते तिने पलंगावरून पाहिलं होतं. त्याच दिवशी तिने मला विचारलं, की तुझ्याकडे एक खोली मोकळी आहे का.

गप्पू तेरा तारखेलाच आला. तेव्हापासून रजा काढून इथेच आहे. कसं काय करतो, ते त्यालाच लिहू दे.

पकडले गेले. उठली आहे. डाव्या हाताने काहीतरी लिहायचं म्हणून पेन हिसकावते आहे.

*येऊ नकोस पोरी*

(हे तिचं अक्षर. कोंबडीने काढलं नाही. – मावशी)


१ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं मनगट आज छापील कागदावर पाहिलं. ऑफिसातल्या माणसाला दोनदा छापायला लावलं. मग खिडकीशी नेऊन, माझ्या सवयीप्रमाणे आधी कडा, मग मधलं हाड असं बघितलं. चीर आहे, पण हाड जागचं हललेलं नाही. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं ते योग्यच. बोटं हलवत राहा, हात उशीवर उंच ठेवा. बोटं बधिर झाली किंवा सुजून निळी पडली, तर एक तासही थांबायचं नाही.

खोटं कशाला बोलू, फिल्म बघायच्या आधीच मी कपाटातून फोन मागून घेतला होता. तिकिटाची तारीख बदलायला परवाचा दिवस मोकळा होता. बोट ठेवायचंच बाकी होतं. मग मावशींचं पत्र पुन्हा वाचलं. गरम पाण्याच्या पिशवीपाशी आले आणि पुढचं दिसेना. मला वाटायचं, तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असता. तुम्ही माझ्यासाठी घर सोडलंत आणि मी इतके दिवस समजत होते, की माझं काहीतरी चुकलं म्हणून तुम्ही गेलात.

फोन परत दिला. बाईंना म्हटलं, माझ्या सासूबाई पडल्या, पण मी राहणार आहे. त्यांनी माझी सतरंजी झटकून नीट अंथरून दिली. आज शवासनात शेजारची दोनदा खोकली. मी पडून राहिले. मग डोळा लागला तो थेट सगळ्याजणी निघून गेल्यावर उघडला.

सोळा तारखेला संपतं. तोवर इथेच आहे. पण आता एकमेकींपासून लपवायचं नाही, एवढं माझं ऐका.

तुमच्याच मायेवर तरलेली,
सूनबाई


५ मार्च

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

बायकोला पत्र कसं सुरू करतात, ते आईला विचारलं. ती म्हणाली, चौदा वर्षं झाली, आत्ता सुचलं का? मावशी हसून हसून खोकली. म्हणून वरचं जसं जमलं तसं लिहिलंय.

आई बरी आहे. बोटं हलतात. तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. गरम पाण्याच्या पिशवीपाशी मी कागद मावशीकडे दिला, उरलेलं तिने वाचलं.

मी आल्या दिवशी आईला पलंगावरून उचललं आणि माझ्याच कमरेत कळ आली. व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा, आणि तिच्या काखेखालून हात घालून तिच्या श्वासाबरोबर उठा. तसं केलं, जमलं. दिवसाला आठ वेळा करावं लागतं, मोजलं मी. म्हणजे तू अकरा महिने, रोज आठ वेळा. तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, दोर झिजला तर मला आवाजावरून कळतं. तुझं कळलं नाही, कारण मी कान दिला नाही. हे तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तिची वेणी मी घालतो. पहिल्या दिवशी तिने आरसा मागितला आणि बघून लगेच पालथा ठेवला. आता तीन पेड सरळ येतात. केस किती पातळ झालेत तिचे. लहानपणी मी त्या वेणीला धरून झोपायचो, असं ती सांगत होती. मला आठवत नव्हतं. विंचरताना आठवलं.

प्लास्टर निघालं, की आई आपल्या घरी येईल. मी दुपारची पाळी मागून घेतलीय, साहेब हो म्हणाले. सकाळचं तिचं सगळं माझ्याकडे. संध्याकाळी एक बाई येतील. तू उचलायचं नाहीस, हे आईने मावशीकडून लिहवून घेऊन त्यावर डाव्या हाताने सही केलीय. तो कागद आल्यावर बघ.

सोळाला संपलं, की ठरल्या दिवशीच ये. मी विमानतळावर असेन. बॅग उचलायला दे, नाही दिलीस तर हात मागे बांधून चालेन.

लवकर ये, असं लिहायचं नाही, असं आईने बजावलंय. म्हणून लिहीत नाही.

तुझा,
गप्पू