वेंडेलच्या लोणच्याचं गुपित

५ जुलै. शनिवारच्या बाजारात माझ्या टेबलासमोर चर्चमधली आयडेला काकडीचं गोड लोणचं विकत होती. चाखलं. वेंडेलचंच! माझ्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली, आणि हिनं त्याचं लोणचं चोरलं. सोडणार नाही.

७ जुलै. लायब्ररीतून कायद्याचं पुस्तक आणलं. पेटंट नको, त्यात कृती जगजाहीर होते. जिन्नसांच्या यादीला कॉपीराइट नाही. पण धंद्याचं गुपित! त्याला आमच्या टेनेसी राज्याचा कायदा आहे, वर वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचाही. दोन-दोन सरकारं माझ्या बरणीच्या पाठीशी. अट एकच, गुपित जपलेलं हवं. जपण्यात माझा हात कोण धरणार?

त्याच दिवशी, संध्याकाळी. वॉशिंग्टनच्या कायद्यासाठी धंदा राज्याबाहेर हवा. अलाबामातल्या बहिणीला दोन बरण्या पाठवल्या. झाला.

१० जुलै. कृती बायबलमध्ये दडवली. घरात पाऊल टाकणाऱ्यानं गुपित न फोडण्याच्या कागदावर सही करायची. प्लंबरनं केली. पाद्री म्हणाले, मॉरीनबाई, मी नुसती विचारपूस करायला आलोय. तरी केली.

१२ जुलै. ‘वेंडेल’ हे नाव राज्याकडे ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा फॉर्म भरला. ‘हे नाव कधीपासून वापरता?’ लग्नाची तारीख लिहिली.

१६ जुलै. आयडेलाला नोटीस लिहिली. तीन पानं. ‘एतद्द्वारे’ नऊ वेळा आलंय. घाबरेल.

१९ जुलै. घाबरली नाही. बाजारात नोटीस शांतपणे वाचली आणि पिशवीतून चर्चच्या बायकांनी १९९८ साली काढलेलं पाककृतींचं पुस्तक काढलं. पान एक्केचाळीस. वेंडेलचं लोणचं, मापांसकट. खाली नाव, माझं. म्हणाली, अगं बये, तूच तर माझ्या गळ्यात मारलंस हे पुस्तक! वर म्हणालीस, पान एक्केचाळीस बघ, माझा नवरा कसला सुगरण आहे.

म्हणाले होते. आठवलं.

आता टेनेसीही गेलं आणि वॉशिंग्टनही.

नोटीस घडी करून परत देत तिनं विचारलं, पण माझं मऊ पडतं गं. तुझं कुरकुरीत कसं राहतं?

बरणीच्या तळाशी द्राक्षाचं पान, मी म्हणाले. वेंडेल घालायचा. ते पुस्तकात लिहायचं राहिलं.

घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं. तेवढंच गुपित उरलं होतं.

उद्या चर्चनंतर ती वेंडेलच्या द्राक्षवेलाची पानं न्यायला येणार आहे. दारातच सही घेईन.