न्हाणीघराची कडी

दादा,

सुतार आला की दार बसवून घे, पण आतून कडी नको. फिट आली तर मी आत अडकू नये म्हणून तू ती काढलीस. काल तुझ्या सासूबाई यायच्या म्हणून मी ती गुपचूप परत ठोकली. त्यांनी कारण विचारलं असतं ना! प्रबंधापायी केलेलं जागरणही तुझ्यापासून लपवलं, आणि त्यानेच कडी लावून आत असताना फिट आली. एवढी ग्रंथसंपदा पचवून अक्कल मात्र बोटभर कडीएवढी.

दार फोडताना खांदा तुझा दुखावला. आणि हात गळ्यात बांधून तूच सासूबाईंना सांगितलंस, 'दाराला वाळवी लागली होती, आणि मी जिन्यात घसरलो.'

गोळी घेतली आहे, वहिनी सोबत आहे. सासूबाईंकडे चालले आहे. वाळवी आणि जिना, दोघेही निर्दोष आहेत हे सांगायला.