सुकवणीच्या खोलीचं दार

सोमवार

पोचलो बुवा एकदाचा. हॉटेल छोटं आहे, पण गादी कडक आणि नळाला गरम पाणी, म्हणजे माझं भागलं. पंख्याचं वरचं बेअरिंग मात्र रडतंय. मॅनेजरला सांगितलं, हा जेमतेम महिनाभराचा सोबती. तर तो म्हणाला, साहेब, तुम्ही फोटो काढायला आलात ना? खरंय त्याचं. पण जिन्याखालच्या खोपटात पंख्या-पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार भरण्यापासून माझी सुरुवात. आज हाताखाली चाळीस माणसं आहेत, तरी कान अजून कामावरच असतात.

साठाव्या वाढदिवसाला लेकीने कॅमेरा दिला आणि जावयाने ही सहल शोधली. पाच दिवस, पडक्या इमारती, सोबत माहीतगार बाई. आमच्या हिचं म्हणणं, आपल्याच माळ्यावर एवढी पडझड आहे, तिचे काढा की फुकटात.

आम्ही नऊ जण आहोत. गाइडबाई चाळिशीच्या, आधी इतिहास शिकवायच्या. अजूनही आम्हाला बाकावर बसवल्यासारखं वागवतात. नियम एकच, फोटो घ्या, वस्तू हलवू नका. बसमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ऐकायला कमी येतं, शिवाय विसरभोळे. खोलीचा नंबर मनगटावर पेनाने लिहून ठेवलाय. माणूस लाख मोलाचा. मी विनोद सांगितला की आधी हसतात आणि मग विचारतात, काय म्हणालात?

मंगळवार

आज लोकरीची गिरणी. काय जागा आहे! लोकर धुवायचे दगडी हौद, छताला लोंबणारे पट्टे, भिंतीवर कामगारांच्या डब्यांसाठी खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याखाली पत्र्याचा आकडा. सगळ्यात आत सुकवणीची खोली. लोखंडी दार, कडी फक्त बाहेरून, आणि दार उघडं राहावं म्हणून खाली एक वीट.

त्या विटेची गोष्ट बाईंनी सांगितली. थंडीच्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत अकरा बायका ऊब घ्यायला आत बसायच्या. एकदा जाता जाता कोणीतरी दार लोटलं. सुट्टी संपल्यावर रोजच्यासारखी खोलीत वाफ सोडली गेली. अकराही जणी आतच गेल्या. यंत्रांच्या आवाजात ठोकणं कोणाला ऐकू गेलं नाही, निदान सगळ्यांनी तसं सांगितलं. दार कोणी लावलं, याची वर्षभर चौकशी झाली. प्रत्येकाचं उत्तर एकच, मी नाही. तेव्हापासून हे दार कोणी लावत नाही.

वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर वाईट वाटता वाटता मी उजेड बघत होतो. वरच्या झरोक्यातून तिरीप थेट दाराच्या जागेवर पडत होती. दार बंद असतं तर त्या गंजावर काय खुलली असती! सगळे पुढे गेल्यावर वीट पायाने सरकवली आणि दार ओढलं. कडी आपोआप पडली, छान तेल घातल्यासारखी. तीन फोटो घेतले. तेवढ्यात बाईंची शिट्टी वाजली. बघू, येताना उघडू म्हटलं, आणि येताना आम्ही दुसऱ्या वाटेने आलो.

अंगणात असताना आतून ठोके ऐकू आले. तीन, मग थांबून तीन. बसमध्ये डोकी मोजली, नऊच्या नऊ. म्हणजे आत कोणी नव्हतं. पाइप असणार. फोटो उत्तम आलाय.

बुधवार

दाढी करताना न्हाणीघराच्या भिंतीतून ठोके. तीन आणि तीन. पलीकडे खोली नाही, उघडं आवार आहे. मी खिडकीतून बघितलं.

न्याहारीच्या वेळी गाइडबाई आल्या, चेहरा उतरलेला. गिरणीच्या राखणदाराचा फोन होता, सुकवणीचं दार बंद सापडलं. तो हात लावायला तयार नाही. म्हणतो, ज्याने लावलं त्यानेच येऊन उघडावं. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी पावाला लोणी लावत होतो. फार मन लावून.

कोणीतरी म्हणालं, शेवटी मास्तर मागे राहिले होते. बाईंनी मास्तरांना कानाशी जाऊन विचारलं. ते गोंधळले, कपाळ चोळत म्हणाले, मला आठवत तर नाही.

आणि मग मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं. म्हणालो, अहो, जन्मभर संध्याकाळी टपाल कचेरीचं दार लावलंय, हाताला सवय असणार! सगळे हसले. मास्तरही हसले. मग म्हणाले, काय म्हणालात? मला तेच परत ओरडून सांगावं लागलं. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, असेल हो, मीच लावलं असेल.

त्या टेबलावर मी एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. चाळीस माणसांना रोज सांगतो, चूक झाली तर येऊन सांगा, मी खाणार नाही.

गुरुवार

ठोके बसच्या डिकीत. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात. आता बोटांचे नाहीत, तळहाताचे आहेत. आणि एका हाताचे नाहीत. शेजारी कोणालाच ऐकू येत नाहीत. हिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, तुमच्या कानांनाही कधी सुट्टी द्या.

दुपारी मास्तर खोलीवर आले. डायरी दाखवली, त्यात विसरलेल्या गोष्टींची यादी. दूध, सुनेचा वाढदिवस, आणि शेवटी 'दार'. त्यांनी विचारलं, तुमचं लक्ष चौफेर असतं, मला दार लावताना पाहिलंत का? एवढं जरी कळलं तरी बरं, म्हणजे डॉक्टरांना नीट सांगता येईल.

मी काय केलं? खांदे उडवले. असेल, म्हणालो.

ते थँक्यू म्हणाले. मला.

शुक्रवार, सकाळ

मास्तर न्याहारीला नाहीत. खोली उघडी. मॅनेजर म्हणाला, पहाटे रिक्षा करून गेले, गिरणीवर एक काम राहिलंय म्हणाले.

बाईंना फोन केला. त्या लोहार घेऊन निघतायत, तास लागेल. मी थांबत नाही —

शुक्रवार, साडेदहा

दारासमोर जमिनीवर बसून लिहितोय.

मास्तरांची चप्पल बाहेर आहे. दार बंद. ते आत आहेत. त्यांचा आवाज येतोय. कोणाची तरी माफी मागतायत. माफ करा, माझ्या लक्षात राहत नाही, माफ करा. सारखं तेच. आणि बायका त्यांना काहीतरी विचारतायत — शब्द कळत नाहीत, फक्त सूर. विचारणाऱ्याचा.

कडी उचलली जाते. दार हलत नाही. खांदा लावून बघितला. लोखंड गरम आहे. बॉयलर तर कधीच उखडून नेलाय —

ओरडलो, मास्तर, तुम्ही नव्हतात. त्यांना ऐकू गेलं नाही.

मग पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं. 'मास्तर, दार मी लावलं. फोटोसाठी. तुमची काही चूक नाही. मी खोटं बोललो.' खालच्या फटीतून आत सरकवलं.

मास्तर गप्प झाले.

सगळेच गप्प.

पान परत आलं. कोपरे तपकिरी, भाजल्यासारखे. माझ्या मजकुराखाली एक शब्द. मास्तरांचं अक्षर नाही —

'मोठ्याने.'

एवढंच. इथे तर कोणी नाहीच ऐकायला. मग जीभ का उचलत नाही — साठ वर्षांचा घोडा —

उभा राहिलो. म्हणालो, मी. आवाज फुटला नाही. परत म्हणालो.

दार मी लावलं.

मास्तर रडतायत. सुटल्यासारखे. त्यांची पावलं दाराकडे — आणि त्यांच्या मागे आणखी — अनवाणी — मोजतोय — सात, आठ — एवढी वर्षं या बायकांना हेच कोणीतरी म्हणायला हवं होतं, आणि मी म्हणालो, पण त्यांना वाटतंय की तेव्हाही मीच — नाही, बायांनो, ते दार मी नाही, ते —

कडी माझ्या हातात नाही. ती आपणहून वर —